विषबाधेचा आरोपी कोण?

आश्रमशाळेत, वसतिगृहात किंवा लग्नाच्या पंगतीत पन्नास-शंभर माणसांना उलट्या-जुलाब सुरू झाले की पुढचे सारे ठरल्याप्रमाणे घडते. आजाऱ्यांना ग्रामीण रुग्णालयात हलवले जाते, उरलेल्या भाताचे आणि आमटीचे नमुने प्रयोगशाळेकडे रवाना होतात, पुढारी विचारपूस करून जातात, स्वयंपाकीणबाईंना कामावरून कमी केले जाते आणि चौकशी समिती नेमली जाते. समितीचा अहवाल यायचा तेव्हा येतो, किंवा येतही नाही. तोवर आरोपी सापडलेला असतो आणि शिक्षाही होऊन गेलेली असते. ‘स्वच्छता पाळली नाही’ हे त्या आरोपपत्रातील एकमेव कलम. ते खोटे आहे असे कोणी म्हणणार नाही. परंतु ते इतके अपुरे आहे की सत्य झाकण्याचेच काम त्याच्याकडून आजवर झाले आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या अंदाजानुसार दूषित अन्नामुळे जगात दरवर्षी सुमारे ६० कोटी माणसे आजारी पडतात आणि ४ लाख २० हजार दगावतात. मरणाऱ्यांपैकी सव्वा लाख मुले पाच वर्षांच्या आतली असतात. या संकटाचा सर्वांत जड भार आफ्रिका व आग्नेय आशियातील गरीब जनतेच्या माथी आहे. इतकी माणसे केवळ हात धुण्याच्या आळसापायी मरतात असे ज्याला वाटते, त्याने दारिद्र्य हा शब्दच कोशातून काढून टाकावा. हा प्रश्न वैद्यकाचा आहे तितकाच अर्थकारणाचा आहे. तो डॉक्टरांच्या हवाली करून मोकळे होणे ही समाजवादी कार्यकर्त्यांची चूक ठरेल.

प्रथम जंतूंचा स्वभाव समजून घेतला पाहिजे. ‘स्टॅफिलोकॉकस ऑरियस’ हा जंतू निरोगी माणसांपैकी साधारणतः चौघांतील एकाच्या नाकात वस्तीला असतो आणि त्या माणसाला त्याचा पत्ताही नसतो. बोटावरच्या गळवातून, चिरलेल्या कातडीतून तो अन्नात उतरतो. शिजवलेले अन्न धड गरम नाही आणि धड गारही नाही अशा अवस्थेत राहिले की काही तासांत तो वाढतो आणि विष तयार करतो. हे विष उकळीने नष्ट होत नाही. जंतू मरतो, विष उरते आणि खाल्ल्यापासून एक ते सहा तासांत उलट्या सुरू होतात. ‘बॅसिलस सिरियस’ हा दुसरा जंतू तांदळाबरोबरच घरात येतो. त्याचे बीजाणू भात शिजतानाच्या उष्णतेतही टिकून राहतात, मोठ्या पातेल्यातील भात तासन्‌तास कोमट राहिला की रुजतात आणि त्यांचे उलटी घडवणारे विषही उकळीला दाद देत नाही. ‘वाढण्यापूर्वी पुन्हा एक उकळी काढली होती’ हा स्वयंपाकिणीचा बचाव त्यामुळे विज्ञानात टिकत नाही. पण हे तिला कोणी कधी शिकवले होते काय, आणि दोनशे मुलांचा भात झटपट गार करायला तिच्याजवळ कोणते साधन होते, हे चौकशी समिती विचारत नाही.

हा दोष अडाणी माणसांचा असतो असे मानणाऱ्यांनी जपानचे उदाहरण आठवावे. २००० सालच्या मार्चअखेर होक्काइडो बेटावरील एका दूधभुकटीच्या कारखान्यातील वीज सुमारे तीन तास गेली. कारखाना ‘स्नो ब्रँड’ या जपानमधील त्या वेळच्या सर्वांत मोठ्या दुग्ध कंपनीचा होता. वीज नसताना दूध कोमट राहिले, त्यात स्टॅफिलोकॉकस वाढला आणि विष उतरले. तयार भुकटीत जंतूंची संख्या मर्यादेबाहेर आढळली, तेव्हा ती फेकून देण्याऐवजी पाण्यात विरघळवून नव्या भुकटीत मिसळण्यात आली. तापवल्याने जंतू मरतील हा हिशेब बरोबर होता. विष मरत नाही, एवढे मात्र हिशेबात धरले गेले नाही. त्या भुकटीपासून ओसाका येथे दूध तयार झाले आणि जून-जुलैमध्ये १३ हजारांहून अधिक माणसे आजारी पडली. त्या कारखान्यात पाणी होते, साबण होता, शिकलेले तंत्रज्ञ होते. नासलेला माल तोटा सोसून टाकून देण्याची तयारी तेवढी नव्हती.

आता एखाद्या खेड्यातील शाळेचे स्वयंपाकघर डोळ्यांसमोर आणावे. प्रत्येक शाळेत व अंगणवाडीत स्वयंपाकाची, पिण्याच्या पाण्याची आणि स्वच्छतेची सोय असली पाहिजे, असे २०१३ चा राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा सांगतो. पण जिथे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते, तिथे एकाच बादलीत पातेली, डाव, विळी आणि हात बुडतात. शिजवणाऱ्या बाईंचे मानधन केंद्र सरकारने २००९ साली दरमहा १,००० रुपये ठरवले, तेही वर्षातून १० महिन्यांचे. राज्यांनी त्यात आपापल्या परीने भर घातली, महाराष्ट्रानेही घातली. परंतु केंद्राच्या हिशेबातील तो आकडा पुढची पंधरा वर्षे जागचा हलला नाही. या स्त्रियांना कामगार म्हणून मान्यता द्यावी, किमान वेतन व सामाजिक सुरक्षा द्यावी, अशी शिफारस ४५ व्या भारतीय श्रम परिषदेने २०१३ साली केली होती. शिफारस झाली, अंमल झाला नाही. शासनाच्या लेखी ही बाई कामगार नाहीच, ती ‘मदतनीस’ आहे. साहजिकच तिला आजारपणाची भरपगारी रजा नाही. बोटाला गळू झाले किंवा पोट बिघडले तर अन्नाला हात लावू नये, हा आरोग्याचा पहिला नियम आहे. तो पाळला तर तिचे पैसे कापले जाण्याची धास्ती, आणि बदलीला आलेली बाई टिकली तर कामच जाण्याची. जी व्यवस्था नियम पाळणे परवडू देत नाही, तीच व्यवस्था नियम मोडल्याबद्दल नोटीस बजावते.

अन्न जिथे चिरले-कापले जाते त्या जागांची कथाही अशीच आहे. चिरा पडलेल्या ओल्या लाकडावर, कळकट फडक्यात, यंत्राच्या सांध्यात जंतूंचा चिकट थर बसतो आणि तो नुसते पाणी मारल्याने निघत नाही. कच्च्या मांसासाठी एक साधन आणि शिजलेल्या अन्नासाठी दुसरे, हा उपाय सोपा आहे. पण दुसऱ्या साधनाला पैसे पडतात. २००५ साली दक्षिण वेल्समध्ये शाळांना शिजलेले मांस पुरवणाऱ्या एका व्यापाऱ्याने कच्चे आणि शिजलेले मांस हवाबंद पिशव्यांत भरण्यासाठी एकच यंत्र वापरले. ‘ई. कोलाय ओ१५७’ हा विष तयार करणारा जंतू कच्च्या मांसातून यंत्रावर आणि यंत्रावरून मुलांच्या ताटात गेला. ४४ शाळांना त्याची झळ पोहोचली, दीडशेहून अधिक जणांना बाधा झाली आणि पाच वर्षांचा एक मुलगा दगावला. व्यापाऱ्याला तुरुंगवास झाला, तो योग्यच झाला. पण तिथली चौकशी व्यापाऱ्यापाशी थांबली नाही. प्राध्यापक ह्यू पेनिंग्टन यांच्या अध्यक्षतेखालील सार्वजनिक चौकशीच्या २००९ च्या अहवालाने तपासणी करणाऱ्या अधिकाऱ्यांवर आणि कंत्राट देणाऱ्या यंत्रणेवरही दोष ठेवला. तिथे चौकशी शिडीने वर चढली. भारतात ती खाली उतरते आणि सर्वांत खालच्या पायरीवरच्या बाईपाशी येऊन थांबते.

एवढेच असते तर पाणी, शीतपेटी आणि भरपगारी रजा यांवर प्रश्न सुटण्यासारखा होता. परंतु गेल्या पाऊणशे वर्षांत स्वयंपाकघरात येणारा जंतूच बदलला आहे. तो औषधांना जुमानेनासा झाला आहे, आणि हा बदल घडवणाऱ्यांत औषध विकणाऱ्या व कोंबडी-डुकरे पोसणाऱ्या भांडवलाचा मोठा हात आहे.

१९४० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतील लेडर्ली प्रयोगशाळेत असे आढळले की ऑरिओमायसिन या प्रतिजैविकाच्या उत्पादनात उरणारा चोथा खाद्यात मिसळला तर कोंबडीची पिल्ले लवकर वजन धरतात. १९५१ साली अमेरिकी शासनाने पशुवैद्याच्या चिठ्ठीविना प्रतिजैविके खाद्यात मिसळण्यास परवानगी दिली. औषध कंपन्यांना एक अफाट बाजारपेठ खुली झाली, जिथे गिऱ्हाईक आजारी असण्याचीही गरज नव्हती. पेनिसिलिनची अपुरी मात्रा जंतूंना मारण्याऐवजी प्रतिकार शिकवील, हा इशारा खुद्द अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५ च्या नोबेल व्याख्यानात दिला होता. खाद्यातून रोज दिली जाणारी थोडी थोडी मात्रा म्हणजे नेमकी तीच शिकवणी होती. १९७६ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात स्टुअर्ट लेव्ही आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील एका शेतावर कोंबड्यांना टेट्रासायक्लिन मिसळलेले खाद्य दिले. आठवड्याभरात कोंबड्यांच्या आतड्यांतील जंतू त्या औषधाला दाद देईनासे झाले, आणि काही महिन्यांत त्या शेतावर राहणाऱ्या माणसांच्या पोटातही तसे जंतू आढळले. त्या माणसांनी ते औषध घेतलेले नव्हते. ब्रिटनमध्ये तर १९६९ सालीच स्वान समितीने माणसांची औषधे जनावरांच्या वाढीसाठी वापरू नयेत असे बजावले होते. युरोपीय संघात अशा वापरावर पूर्ण बंदी आली ती १ जानेवारी २००६ रोजी. शास्त्राचा निवाडा आणि कायद्याचा निवाडा यांत सदतीस वर्षे गेली. ही वर्षे अज्ञानाची नव्हती, हितसंबंधांची होती.

भारतातील चित्र पाहावे. मांसासाठीच्या कोंबड्यांच्या धंद्यात करार-पद्धतीचे मोठे प्रस्थ आहे. पिल्ले, खाद्य आणि औषधे कंपनीची. शेड, वीज, पाणी आणि मजुरी शेतकऱ्याची. पक्षी वजनात भरला की शेतकऱ्याच्या हाती किलोमागे ठरलेला मोबदला पडतो. खाद्यात काय मिसळले आहे हे ठरवण्याचा अधिकार त्याला नाही, पण शेडात जंतू माजले तर ते त्याच्याच उंबऱ्याशी माजतात. कोलिस्टिन हे औषध रुग्णालयात अन्य सारे उपाय थकल्यावर वापरावयाचे. त्यालाही निष्प्रभ करणारा, एका जंतूकडून दुसऱ्याकडे सहज जाणारा जनुक चीनमध्ये डुकरे, मांस आणि रुग्ण यांत आढळल्याचे २०१५ साली प्रसिद्ध झाले. चीनने २०१७ साली वाढीसाठीचा त्याचा वापर थांबवला. भारतात अन्नासाठी पाळलेल्या प्राण्यांकरिता कोलिस्टिनचे उत्पादन व विक्री बंद करणारा आदेश जुलै २०१९ मध्ये निघाला. रुग्णशय्येवरच्या माणसाचा अखेरचा आधार असलेले औषध तोवर कोंबडीच्या खाद्यात घालता येत होते.

याच देशातील कोळंबी युरोपला जाते तेव्हा मात्र वेगळा न्याय लागतो. प्रतिजैविकांचे अंश सापडल्याने मालाच्या खेपा नाकारल्या गेल्या आहेत. २०१६ साली युरोपीय संघाने भारतीय शेततळ्यांतील कोळंबीच्या निम्म्या खेपा तपासण्याचे बंधन घातले. त्यामुळे निर्यातीसाठी प्रयोगशाळा उभ्या राहिल्या, नोंदी ठेवल्या जाऊ लागल्या. म्हणजे तपासणी अशक्य आहे ही सबब खोटी आहे. ब्रुसेल्सच्या ग्राहकासाठी जी दक्षता घेता येते, ती बीड वा भंडाऱ्याच्या ग्राहकासाठी का घेता येऊ नये? देशी बाजारासाठीही औषधांच्या अंशाच्या मर्यादा कागदावर आहेत. पण विक्रीपूर्वी काही दिवस औषध थांबवले की मांसातील अंश मर्यादेत येतो. शेडात तयार झालेला निर्ढावलेला जंतू मात्र कातडीवर, आतड्यात तसाच राहतो आणि खाटकाच्या ओंडक्यापर्यंत पोहोचतो. रश्श्यातील कोंबडी उकळून निर्धोक होते, पण ज्या सुरीने ती कापली त्याच सुरीने कांदा आणि लिंबू चिरले की जंतू न शिजताच पोटात जातो.

२०१९ या एका वर्षात औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंनी जगात थेट १२ लाख ७० हजार बळी घेतले, असा अंदाज ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात २०२२ साली प्रसिद्ध झाला. माणसांसाठी बेफिकिरीने वापरलेल्या औषधांचा त्यात मोठा वाटा आहे, हे मान्यच केले पाहिजे. परंतु म्हणून शेडमधील वापर क्षम्य ठरत नाही.

यावर उद्योगाचे वकील एक युक्तिवाद करतात आणि तो गरिबांच्या नावाने करतात. प्रतिजैविके बंद केली तर कोंबडी महागेल आणि गरिबाच्या ताटातील प्रथिने जातील, असे ते सांगतात. गरिबाच्या ताटाची ही काळजी मजुरीचे दर ठरवताना कुठे जाते, हा प्रश्न बाजूला ठेवला तरी आकडे या युक्तिवादाच्या विरोधात आहेत. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने १९९० च्या दशकाअखेर केलेल्या हिशेबात अशा बंदीचा भार दरडोई वर्षाला सुमारे ५ ते १० डॉलर निघाला होता. डेन्मार्कने तर प्रयोगच करून दाखवला. तिथे कोंबड्यांना ॲव्होपार्सिन देत असत. रुग्णालयातील व्हँकोमायसिन हे त्याचेच भावंड. १९९५ साली डेन्मार्कने ॲव्होपार्सिनवर बंदी घातली. त्या वर्षी कोंबड्यांमधील एंटेरोकॉकस जातीच्या तपासलेल्या जंतूंपैकी सुमारे ७३ टक्के व्हँकोमायसिनला जुमानत नव्हते. २००० साली हे प्रमाण ६ टक्क्यांवर आले. पशुवैद्यांनी औषधविक्रीतून मिळवायच्या नफ्यावरही तिथे मर्यादा घातली गेली. जो चिठ्ठी लिहितो त्यानेच दुकान चालवायचे, ही सोय मोडताच औषधाची ‘गरज’ कमी झाली. डेन्मार्कचा वराहपालन उद्योग या बंदीने बुडाला नाही, त्याचे उत्पादन वाढतच राहिले.

दुसरा युक्तिवाद अधिक विषारी आहे. जंतूंचे निमित्त करून मांसाहारावर, खाटकाच्या दुकानावर, हातगाडीवर आणि ती चालवणाऱ्या जातिजमातींवर घसरायचे, आणि शाकाहार म्हणजेच शुद्धता असा टिळा लावायचा. जंतू असले सोवळे पाळत नाहीत. भातातल्या जंतूचा उल्लेख वर आलाच आहे. २०११ साली जर्मनीत ‘ई. कोलाय ओ१०४’ या जंतूने सुमारे ३,८०० माणसांना ग्रासले आणि ५० हून अधिक मृत्यू झाले. हा जंतू मूत्रपिंडे निकामी करणारे विष तयार करणारा होता आणि अनेक प्रतिजैविकांना न जुमानणाराही होता. बळी विषाने घेतले. पण हे दोन्ही दुर्गुण एकाच जंतूत एकवटू शकतात, हे त्याने जगाला दाखवले. तो कोणत्या अन्नातून आला? मोड आलेल्या मेथीच्या दाण्यांतून. आणि प्रथम आरोप कोणावर झाला? स्पेनच्या काकड्यांवर. हॅम्बुर्गच्या अधिकाऱ्यांनी घाईने बोट दाखवले, स्पेनमधील भाजी शेतात कुजली, आणि शेतकरी व शेतमजुरांचा हंगाम बुडाल्यावर आरोप मागे घेतला गेला. युरोपीय संघाने भाजी-उत्पादकांच्या भरपाईसाठी २१ कोटी युरो मंजूर केले. पुराव्याआधी आरोपी ठरवण्याची खोड श्रीमंत देशांनाही आहे. फरक एवढाच की तिथल्या शेतकऱ्याला भरपाई मागण्याइतके संघटित बळ होते. भारतातील हातगाडीवाल्याची गाडी उचलून नेल्यावर त्याला कोणी भरपाई दिल्याचे ऐकिवात नाही.

याचा अर्थ स्वच्छता हे भांडवलदारांचे थोतांड आहे असा कोणी काढू नये. हात धुतलेच पाहिजेत. कच्च्याचा पाट आणि शिजलेल्याचा पाट वेगळा ठेवलाच पाहिजे. भात दोन तासांपेक्षा जास्त कोमट ठेवू नये, हे प्रत्येक सार्वजनिक स्वयंपाकघरात शिकवले गेले पाहिजे. ताटावर बसणारे मूल कष्टकऱ्याचेच आहे. त्याच्या बाबतीत हयगय करणाऱ्याला केवळ तो गरीब आहे म्हणून पाठीशी घालणे हा समाजवाद नव्हे. पण कर्तव्य सांगणाऱ्याने ते पार पाडण्याची साधने दिली पाहिजेत, आणि दोष वाटताना तो सत्तेच्या व नफ्याच्या प्रमाणात वाटला पाहिजे.

म्हणून मागण्या नेमक्या हव्यात. सार्वजनिक स्वयंपाकघरात राबणाऱ्या प्रत्येक स्त्री-पुरुषाला कामगार म्हणून मान्यता, किमान वेतन आणि आजारपणाची भरपगारी रजा. प्रत्येक शाळेच्या व आश्रमशाळेच्या स्वयंपाकघरात वाहते पाणी, साबण, वेगळे पाट-सुऱ्या आणि धान्याइतकीच हक्काची शीतपेटी. मंडईतील खाटिकांना व हातगाडीवाल्यांना दंडाच्या पावतीऐवजी नगरपालिकेच्या खर्चाने नळ व गटार. जनावरांच्या वाढीसाठी कोणतेही प्रतिजैविक वापरण्यास सरसकट मनाई, खाद्य-कंपन्यांच्या औषध खरेदीची खुली नोंद, आणि करारातील शेतकऱ्याऐवजी कंपनीवर कायदेशीर जबाबदारी. विषबाधेच्या प्रत्येक चौकशीचा आणि नमुन्यांच्या तपासणीचा अहवाल ठरलेल्या मुदतीत ग्रामसभेपुढे वाचला जाणे.

पुढच्या वेळी अशी बातमी आली, आणि ती येईलच, तर गावातील कार्यकर्त्याने रुग्णालयातून थेट त्या स्वयंपाकघरात जावे. नळाला पाणी किती वेळ येते, अन्न शिजल्यापासून वाढेपर्यंत किती तास गेले, बाईंना शेवटची रजा कधी मिळाली, मानधन किती महिन्यांचे थकले आहे आणि कोंबडी वा दूध कोणत्या कंपनीच्या साखळीतून आले, एवढे पाच प्रश्न विचारून उत्तरे लिहून घ्यावीत. ती उत्तरे चौकशी समितीच्या टेबलावर ठेवल्याखेरीज त्या बाईंच्या निलंबनाच्या आदेशाला गावाने मान्यता देऊ नये.